ऑस्ट्रॉमचं सातवं तत्त्व आणि मेंढ्याचा बांबू

सामाईक संसाधनांवर संशोधन करायचं म्हटलं की एलिनॉर ऑस्ट्रॉमचं १९९० चं ‘गव्हर्निंग द कॉमन्स’ तुम्ही वाचणारच. वाचाच, पण त्यातल्या आठ तत्त्वांची चेकलिस्ट करू नका (मीही केली होती!). सातवं तत्त्व बघा: लोकांचा स्वतःचे नियम करण्याचा हक्क सरकारने मान्य करावा. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क २००९ मध्ये मिळाला. म्हणजे टिक? पण बांबू विकायचा तर वाहतूक परवाना वनखात्याच्याच हातात. परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेकडे आलं एप्रिल २०११ मध्ये. मधला हा सगळा काळ टिकमध्ये गायब. फील्डवर गेलात की हक्काचा कागद नंतर बघा. आधी विचारा, बांबूचा ट्रक कुणाच्या सहीने निघतो?