‘अंतिक्वा एत नोव्हा’ : यंत्रबुद्धीविषयी एक वाचन

२८ जानेवारी २०२५ रोजी, संत थॉमस अक्विनस यांच्या सणादिवशी, व्हॅटिकनच्या धर्मसिद्धान्तविषयक आणि संस्कृती-शिक्षणविषयक मंडळांनी ‘अंतिक्वा एत नोव्हा’ हा कृत्रिम बुद्धिमत्तेवरील दस्तऐवज प्रसिद्ध केला. शीर्षकाचा अर्थ ‘जुने आणि नवे’. मत्तयच्या शुभवर्तमानातील, आपल्या भांडारातून दोन्ही बाहेर काढणाऱ्या गृहस्थाचे त्यात स्मरण आहे. ११७ परिच्छेदांचा हा मजकूर आमच्या कुटुंबांतून फारसा वाचला गेला नाही. ही उणीव अंशतः आम्हां धर्मगुरूंची आहे.

दस्तऐवजाचे खरे बळ त्याच्या पूर्वार्धात आहे. १९५० साली अ‍ॅलन ट्युरिंग यांनी प्रश्न असा मांडला की, यंत्राशी झालेला संवाद माणसाच्या संवादाहून वेगळा ओळखता येईल काय. तेव्हापासून बुद्धी म्हणजे पार पाडलेले काम, असा समज रूढ होत गेला. त्यावर दस्तऐवज अक्विनस यांचा जुना भेद पुढे ठेवतो. एक तर्कबुद्धी, जी पायरीपायरीने निष्कर्षाप्रत जाते. दुसरा अंतर्बोध, जो सत्य एका दृष्टीत ग्रहण करतो. या दोन निराळ्या शक्ती नव्हेत, एकाच बुद्धीच्या दोन क्रिया होत. आजारपण, समेटाचे आलिंगन, साधा सूर्यास्त यांतून देहधारी मनुष्यास जे उमगते, ते केवळ माहितीवर चालणाऱ्या यंत्रास उमगत नाही, असे तेथे म्हटले आहे.

गुरुविद्यालयात हा भेद आम्ही परीक्षेपुरता पाठ केला होता. त्याचा अर्थ एका शनिवारी रात्री कळला. दमलेल्या अवस्थेत आम्ही यंत्राकडून दयाळू शोमरोन्यावर प्रवचन मागितले. (वाचकांनी क्षमा करावी.) आले ते व्याकरणशुद्ध, सिद्धान्तशुद्ध, आमच्या कित्येक प्रवचनांहून नीटनेटके होते. ते आम्ही वाचले नाही. वाडीच्या बांधावरून भावाशी वर्षानुवर्षे न बोललेला एक गृहस्थ दुसऱ्या दिवशी तिसऱ्या बाकावर बसणार, हे आम्हांस ठाऊक होते. आणि ‘शेजारी’ हा शब्द उच्चारताना त्याच्याकडे पाहावे की पाहू नये, हाच त्या प्रवचनाचा प्रश्न होता.

उत्तरार्ध मात्र विस्कळीत आहे. शिक्षण, आरोग्य, युद्ध, पर्यावरण, खोट्या चित्रफिती अशी यादीच तेथे चालते. शिक्षणाविषयी, यंत्राने आयती उत्तरे देण्यापेक्षा विद्यार्थ्यास विचारास प्रवृत्त करावे, हे म्हणणे रास्त आहे. ११५ व्या स्तोत्रातील मूर्तींना तोंड असून बोलता येत नाही. नवी मूर्ती बोलण्याचा आभास तरी करते, म्हणून अधिक मोहक, हा इशाराही मार्मिक आहे. परंतु कामधंद्यावरील परिच्छेद आम्हांस त्रोटक वाटले. अलिबागहून मुंबईच्या कचेऱ्यांत जाणाऱ्या मुलामुलींचे आईबाप मिस्सानंतर आम्हांस विचारतात ते नोकरी टिकेल का, एवढेच. १० मे २०२५ रोजी परमगुरुस्वामी चौदावे लिओ यांनी आपल्या नामनिवडीचे कारण सांगताना तेराव्या लिओंच्या १८९१ च्या ‘रेरुम नोव्हारुम’चा उल्लेख केला, तेव्हा हा प्रश्न कोठेतरी पोहोचला असे वाटले.

आणखी एक गोष्ट चौलच्या किनाऱ्यावरून दिसते, रोमहून कदाचित दिसणार नाही. ही यंत्रे लिहिलेल्या मजकुरावर पोसली जातात. खाडीपलीकडे कोर्लईत आपले श्रद्धावंत नौलिंग बोलतात. १७४० साली पोर्तुगीज चौल सोडून गेले. ही पोर्तुगीज-मराठी वळणाची बोली मागे राहिली. बोलणारे सुमारे हजार. क्लेमेंट्स या भाषाभ्यासकाने १९९६ साली तिच्यावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला, तरी ती मुख्यतः तोंडीच जगते. जे कागदावर नाही ते यंत्राच्या लेखी जवळजवळ नाहीच. या मुद्द्यास आम्हांस अधिक विस्तार हवा होता.

तरीही ३४ वा परिच्छेद आम्ही वारंवार वाचतो. मनुष्याची प्रतिष्ठा त्याच्या कौशल्यावर वा बौद्धिक क्षमतेवर अवलंबून नाही. तो देवाच्या प्रतिमेनुसार निर्माण झाला, यावर ती उभी आहे. खाडीपलीकडील एका वृद्धेला आम्ही कम्युनियन देण्यास जातो. तिची स्मृती गेली आहे. यंत्र देईल अशा एकाही प्रश्नाचे उत्तर ती देऊ शकत नाही, मुलालाही ओळखत नाही. रोझरी सुरू केली की मात्र ओठ हलतात. गेल्या खेपेस तो परिच्छेद मराठीत करून आम्ही तिच्या मुलास वाचून दाखविला. त्याने तो कागद मागून घेतला आणि घडी करून प्रार्थनापुस्तकात ठेवला.