यकृतकर्काची रक्तचिन्हे : अनुमानदृष्ट्या परीक्षण

सिऱ्होसिसच्या रुग्णांत यकृताच्या कर्करोगाचा संभव मोठा असल्याने दर सहा महिन्यांनी त्यांची सोनोग्राफी करण्याचा प्रघात आहे. सोबत बहुधा अल्फा-फीटोप्रोटीनही मोजतात. या प्रथिनाचा यकृतकर्काशी असलेला संबंध आबेलेव्ह यांनी १९६३ मध्ये उंदरांत व तातारिनॉव्ह यांनी १९६४ मध्ये मनुष्यात दाखविला. परंतु कित्येक लहान गाठी हे प्रथिन वाढवीत नाहीत, आणि यकृतदाहात ते कर्करोगावाचूनही वाढते. यामुळे पित्ताम्ले, अमिनो आम्ले, लायसोफॉस्फॅटिडिलकोलीन इत्यादी चयापचयजन्य द्रव्यांकडे अभ्यासकांची दृष्टी वळली. कर्कपेशींचा चयापचय पालटलेला असतो हे वॉरबुर्ग यांनी १९२० च्या दशकातच दाखविले होते. तेव्हा शोधाची दिशा निराधार नाही. विचार करावयाचा तो अनुमानाच्या शुद्धतेचा.

धूमावरून अग्नीचे अनुमान करता येते, कारण जेथे अग्नी नाही त्या सरोवरात धूमही नसतो. सरोवर हा तेथे विपक्ष होय. या विषयावरील अनेक निबंधांत विपक्ष म्हणून निरोगी माणसे घेतलेली आढळतात. परंतु वैद्यापुढे निरोगी माणूस येत नाही, सिऱ्होसिसचा रुग्ण येतो. कर्करोग नसलेल्या अशा रुग्णाच्या रक्तातही पित्ताम्ले वाढतात, फेनिलॅलनीन व टायरोसीन चढतात आणि शाखायुक्त अमिनो आम्ले उतरतात. म्हणजे खऱ्या विपक्षातही हेतू विद्यमान आहे. अशा हेतूस नैयायिक सव्यभिचार म्हणतात. तो सिऱ्होसिसची साक्ष देतो. कर्करोगाची देतोच असे नाही.

ज्यांनी विपक्ष योग्य निवडला त्यांच्याही प्रतिपादनात दुसरा दोष संभवतो. निदान झाल्यानंतर, गाठ मोठी असताना घेतलेल्या रक्तावरून ‘लवकर’ निदानाचा दावा सिद्ध होत नाही. ‘लवकर’ या शब्दाला येथे निश्चित अर्थ आहे. १९९६ च्या मिलान निकषांनुसार ५ सेंटिमीटरपर्यंतची एक, किंवा प्रत्येकी ३ सेंटिमीटरपर्यंतच्या जास्तीत जास्त तीन गाठी असल्यास यकृतरोपण हितकर ठरते. त्या मर्यादेपलीकडे पटलेली खूण रुग्णाच्या फारशी उपयोगी पडत नाही.

तिसरा प्रश्न प्रमाणाचा आहे. एखादी चाचणी कर्करोग असलेल्या शंभरांपैकी ९० व नसलेल्या शंभरांपैकी ९० जणांना अचूक ओळखते असे समजा. दोन्ही गट सारखे असता तिचा होकार शंभरात ९० वेळा खरा ठरेल. परंतु सिऱ्होसिसच्या १,००० रुग्णांत कर्करोगाचे २० असतील, तर होकार ११६ येतील आणि त्यांतील खरे केवळ १८. उरलेल्या ९८ जणांच्या वाट्यास भय व पुढील तपासण्यांचा खर्च येईल. सुटलेले दोघे निर्धास्त राहतील, हे त्याहून वाईट.

पेपे व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये अशा खुणांच्या परीक्षेच्या पाच पायऱ्या घालून दिल्या. त्यांतील तिसरी पायरी निदानापूर्वी साठविलेल्या रक्ताची आहे. सिऱ्होसिसच्या रुग्णांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवून मिळालेल्या अशा रक्तावर जे द्रव्य उतरेल, त्यासच ‘निदर्शक’ म्हणणे योग्य. तोपर्यंत ‘सहचर द्रव्य’ ही संज्ञा पुरेशी आहे. नावातच निष्कर्ष गृहीत धरला, तर तो सिद्ध करण्याची निकड अभ्यासकाला वाटेनाशी होते, आणि त्याचा भार अखेर रुग्णावर पडतो.