मुद्दल आकाशात, व्याज जमिनीवर

थोरामोठ्या समीक्षकांनी कादंबऱ्या तपासाव्यात, आम्हां कारकुनांनी कोष्टके. दोन विमानतळांमधले अंतर आणि प्रवासाचा वेळ सांगणारे कोष्टक हा माझ्या आवडीचा वाङ्मयप्रकार आहे. पूर्वी तो छापील तक्त्यांत भेटे, आता मोबाईलवर भेटतो. पात्रे दोनच, कथानक सरळ, पाल्हाळ नावालाही नाही. नागपूर ते मुंबई? सुमारे ६८० किलोमीटर. वेळ? दीड तास. समाप्त.

या कृतीची तांत्रिक बाजू भक्कम आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. पृथ्वी गोल, त्यामुळे इथे पट्टी चालत नाही. दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घेऊन गोलावरचे सर्वांत कमी अंतर काढायचे, त्याला ताशी आठशे किलोमीटरने भागायचे आणि चढण्या-उतरण्याचा अर्धा तास वर धरायचा. हिवाळ्यात वरचे वारे जोरात पश्चिमेकडून वाहतात, म्हणून मुंबईहून नागपूरला येणारे विमान जाणाऱ्यापेक्षा लवकर पोचते. घरी येताना घाई असायचीच!

दोष आहे तो आरंभात. ही कथा विमानतळावर सुरू होते. माणूस घरून निघतो.

जिवतीच्या शाखेत असताना एका म्हाताऱ्या खातेदाराने पासबुक पुढे सरकवत विचारले, "साहेब, पोराचं परवा मुंबईले आपरेशन हाय. इमानानं किती टाइम लागते?"

"दीड तास, बाबाजी."

"अन् इमानापावतर?"

मी कागद ओढला. माणिकगडच्या डोंगरावरून घाट उतरून गडचांदूर, मग राजुरा, मग चंद्रपूर, तिथून पुढे नागपूर आणखी दीडशे किलोमीटर. सरळ रेषेत नागपूर जिवतीपासून मुंबईच्या पाव अंतरावर. पण एसटी बदलत जायचे तर अर्धा दिवस तिथेच संपतो. शिवाय विमानतळावर दोन तास आधी हजेरी. दीड तास मुद्दल आणि त्यावर एवढे व्याज! सावकारही लाजला असता.

बाबाजींनी पैसे मोजून कनवटीला लावले. "म्हंजे आजच निघा लागते," म्हणाले आणि निघालेसुद्धा.

याहून शहाणा हिशेब नागपुरात एकदा झाला होता. १९४९ साली सुरू झालेल्या रात्रीच्या विमानटपालात दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरात जमत आणि टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल करून परतत. नागपूर मध्यावर, म्हणून हा मान. पण पत्राचा प्रवास विमानतळावर संपला, असे पोस्टाने कधी मानले नाही. पोस्टमनने दारात हाक मारली, की मगच तो संपे. पत्राला मिळाला तो न्याय माणसालाही मिळावा, एवढीच आमची मागणी.

तेव्हा पुढच्या आवृत्तीसाठी एकच सूचना. 'कोठून' या रकान्यात विमानतळाऐवजी प्रवाशाला आपले गाव लिहू द्यावे, आणि पहिली नोंद जिवतीची घ्यावी. ज्यांना अख्ख्या पृथ्वीची गोलाई जमली, त्यांना एका घाटाची वळणे जड जाऊ नयेत.