‘नीतिमान ठरणे’ : पंडिता रमाबाईंच्या साक्षीच्या निमित्ताने

1956 च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर व भंडारा हे जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशातच राहिला. तेव्हापासून येथील कित्येक ख्रिस्ती कुटुंबे घरी मराठी शास्त्र वाचतात व उपासनेत हिंदी ऐकतात. रोमकरांस पत्रातील एकाच ग्रीक क्रियापदासाठी त्यांच्या कानी दोन शब्दप्रयोग पडतात : मराठीत ‘नीतिमान ठरणे’ व हिंदीत ‘धर्मी ठहरना’. पहिल्याने सदाचारी मनुष्य डोळ्यांपुढे उभा राहतो, दुसऱ्याने धर्मकर्मात रमलेला. पौलाच्या मनात या दोघांपैकी कोणीही नाही. रोम 4:5 मध्ये देव ज्याला नीतिमान ठरवतो तो चक्क अभक्त आहे!

आपली विशेषणे अपुरी आहेत, हे मान्य केले पाहिजे. परंतु आपले क्रियापद उत्तम आहे. लग्न ठरते, भाव ठरतो, आरोपी निर्दोष ठरतो. ज्याच्याविषयी ठरते, तो ते स्वतः ठरवीत नाही. निर्णय दुसऱ्याच्या मुखातून येतो. आपल्या उपदेशात मात्र सारा भर ‘नीतिमान’वर पडतो आणि ‘ठरणे’ दुर्लक्षित राहते. मग श्रोता समजतो की दारू सोडली, दशांश दिला, म्हणजे आपण ठरलो. अशा उपदेशाला सुवार्ता म्हणणे प्रस्तुत लेखकास कठीण वाटते.

या दृष्टीने पंडिता रमाबाईंची 1907 साली प्रसिद्ध झालेली इंग्रजी साक्ष पुन्हा वाचण्याजोगी आहे. स्त्रीला स्त्री म्हणून मोक्षाचा अधिकार नाही, हे शास्त्राध्ययनात आढळल्याने त्या व्यथित झाल्या होत्या. 1883 साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. तरीही, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, अशा आशयाची कबुली त्या देतात. विल्यम हॅस्लम या आंग्ल धर्मगुरूंचे आत्मचरित्र वाचल्यावर, 1891 च्या सुमारास, त्यांना उलगडा झाला. (हे हॅस्लम 1851 साली स्वतःच्याच व्यासपीठावर, स्वतःचाच उपदेश करीत असता पालटले. आपण पाळकांनी हा तपशील विसरू नये.) तारण पुढे कधीतरी मिळवायचे नसून आताच दिलेले आहे, हे रमाबाईंनी तेव्हा स्वीकारले.

आपल्या मंडळ्यांत ही साक्ष बहुधा भावनिक अनुभवाची कथा म्हणून सांगितली जाते. त्यात मुख्य गोष्ट निसटते. बाप्तिस्मा व उलगडा यांमधली आठ वर्षे रिकामी नव्हती. ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ हा ग्रंथ 1887 चा, व मुंबईत शारदा सदन उघडले ते 1889 साली. म्हणजे जगाने वाखाणलेली सत्कृत्ये हाती असतानाही त्यांचे अंतःकरण अस्वस्थच होते. स्वतः रमाबाई या गोष्टीवर फारसा भर देत नाहीत. त्या आधीच्या व नंतरच्या काळातील भेद काहीसा ठळक रंगवतात, आणि बाप्तिस्म्यात देवाने काय दिले याविषयी जवळजवळ मौन पाळतात. साक्षीची ही उणीव होय. विधी निष्फळ आहे असा निष्कर्ष त्यातून काढणे आपल्या धर्मशिक्षकांनी टाळावे.

याकोब 2:24 चा प्रश्न गावोगावी विचारला जातो. याकोबही तेच क्रियापद वापरतो, पण त्याचा दाखला उत्पत्ति 22 मधील वेदीचा आहे; अब्राहामाचा विश्वास नीतिमत्त्व असा गणला गेला तो उत्पत्ति 15 मध्ये. लूथरन व रोमन कॅथलिक मंडळ्यांनी 1999 साली ऑग्सबर्ग येथे स्वाक्षरी केलेल्या, व 2006 साली जागतिक मेथडिस्ट परिषदेने दुजोरा दिलेल्या संयुक्त घोषणापत्रातही क्रम हाच आहे : कृत्ये हे फळ आहे, मूळ नव्हे. रमाबाईंच्या चरित्रात तो क्रम आणखी उघड दिसतो. शारदा सदन उलगड्यापूर्वीचे, केडगावचे मुक्ती सदन त्यानंतरचे. आणि 1896-97 च्या दुष्काळात त्या अनाथ मुलींना आणावयास निघाल्या, तेव्हा त्यांनी वाट धरली ती आपल्याच मध्य प्रांताची.