परवडणे कोणाला? : मॉण्टगोमेरी कौंटीच्या गृहधोरणातील विशेषणांचा विचार

'परवडणे' हे मराठी क्रियापद चतुर्थीवाचून पुरे होत नाही. 'मला परवडते', 'गिरणीकामगाराला परवडत नाही' अशी त्याची रचना असून, ज्याला परवडावयाचे तो वाक्यात नसेल तर श्रोता त्याचा अध्याहार करतो, अथवा सरळ 'कोणाला?' असे विचारतो. परंतु याच धातूपासून 'परवडणारे' हे कृदन्त विशेषण सिद्ध केले की चतुर्थीची निकड संपते. प्रधानमंत्री आवास योजनेच्या (२०१५) शासकीय मराठीत सर्रास आढळणारी 'परवडणारी घरे' ही पदावली याचे नित्याचे उदाहरण होय. तिच्यात घर आहे, घरात राहणारा नाही. इंग्रजीतील 'अफोर्डेबल' या विशेषणाची प्रकृतीही हीच. हा लोप केवळ व्याकरणाच्या वर्गात चर्चिण्याजोगा आहे असे कोणास वाटेल. अमेरिकेतील मेरिलँड राज्याच्या मॉण्टगोमेरी कौंटीने नागरिकांना विचारून आपले गृहधोरण नव्याने आखण्याचा जो प्रयत्न २०२१ ते २०२५ या काळात केला, त्याचे अवलोकन करता मात्र तसे म्हणता येत नाही.

कौंटी म्हणजे ढोबळमानाने महाराष्ट्रातील जिल्ह्याशी जुळणारा, पण जमिनीच्या वापराविषयी स्वतः निर्बंध करणारा घटक. मॉण्टगोमेरी ही वॉशिंग्टन शहराला लागून असलेली संपन्न कौंटी. २०२० च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १० लक्षांहून अधिक भरली. गृहनिर्माणाच्या अभ्यासकांना ती परिचित आहे ती १९७४ साली अमलात आलेल्या कायद्यामुळे. पन्नास वा अधिक घरांची वसाहत उभारणाऱ्या विकासकाने त्यांतील ठराविक हिस्सा मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी नियंत्रित किमतीस द्यावा, असे त्या कायद्याने बंधनकारक केले. लीग ऑफ विमेन व्होटर्ससारख्या नागरिक-संघटनांनी त्याचा पाठपुरावा केला होता आणि कौंटीप्रमुखाचा नकाराधिकार डावलून कौन्सिलने तो संमत केला. येथे नागरिकांचे मत 'मागविलेले' नव्हते. ते मागणीच्या रूपाने आले होते, हा भेद पुढील विवेचनात उपयोगी पडेल.

या कायद्यातील घराचे नाव 'मॉडरेटली प्राइस्ड ड्वेलिंग युनिट' असे आहे. नाव रुक्ष आहे. सरकारी दप्तराबाहेर ते कोणी प्रेमाने उच्चारीत असेल असे वाटत नाही. तथापि 'प्राइस्ड' हे कर्मणि कृदन्त आहे, व कर्मणि रचनेमागे कर्ता उभा असतो. किंमत आपोआप मध्यम झालेली नाही. ती कोणीतरी तशी ठरवून दिली आहे. कायद्याचे वैगुण्य नावात नव्हते, मुदतीत होते. प्रारंभी किमतीवरील नियंत्रण अवघी पाच वर्षे राही. ती सरली की घर खुल्या बाजारात जाई. कालांतराने मुदत वाढविण्यात आली व आता ती विक्रीच्या घरांस ३० आणि भाड्याच्या घरांस ९९ वर्षे आहे. घरांच्या संख्येची मर्यादाही पन्नासावरून वीसवर आली.

या पार्श्वभूमीवर नियोजन मंडळाने जून २०२४ मध्ये कौन्सिलपुढे ठेवलेला 'अटेनेबल हाउसिंग स्ट्रॅटेजीज' हा अहवाल वाचावा लागतो. एका भूखंडावर एकच कुटुंब, या नियमाने बांधलेल्या वस्त्यांत जोडघरे, तीन-चार बिऱ्हाडांची घरे यांस मुभा द्यावी, ही त्याची मुख्य शिफारस. अहवालाची एक बाजू निःसंशय प्रशंसनीय आहे: 'अटेनेबल' म्हणजे 'अफोर्डेबल' नव्हे, ही अनुदानाविना बाजारभावाने मिळणारी घरे आहेत, हे तो लपवीत नाही. दोष आहे तो शब्दाच्या निवडीत. पारिभाषिक संज्ञेने तिच्या व्याख्येला साहाय्य करावे. येथे व्याख्येला संज्ञेशी झगडावे लागते. 'अटेन' या क्रियापदाचा कर्ता प्रयत्न करणारा असतो. 'प्राइस्ड'मध्ये जी जबाबदारी किंमत आखणाऱ्यावर होती, ती 'अटेनेबल'मध्ये घर शोधणाऱ्यावर सरकली. शिवाय वीस घरांची मर्यादा पाहता, जोडघरांसारख्या लहान बांधकामांना १९७४ च्या कायद्याचे बंधन पोहोचतच नाही.

२०२४ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात कौन्सिल-अध्यक्षांनी ठिकठिकाणी 'लिसनिंग सेशन' भरविली. तेथे रहदारी, शाळा, वृक्षराजी यांविषयीच्या आक्षेपांबरोबर एक आक्षेप वारंवार पुढे आला: ही घरे परवडणारी होणारच नाहीत. व्याख्येचा आधार घेऊन त्यास गैरसमज म्हणणे सोपे आहे. पण तसे म्हणणे अन्यायाचे ठरेल. श्रोत्यांनी शब्दाचा रूढ अर्थ घेतला व लुप्त चतुर्थीची पृच्छा केली. कोणताही भाषक हेच करतो. ही पृच्छा करणाऱ्यांत स्वतःचे घर असलेले व शेजारात बदल नको असलेले बरेच होते, हेही नमूद केले पाहिजे. प्रश्न योग्य असला म्हणजे विचारणाऱ्याचा हेतू निर्मळ असतोच असे नाही. बाजूने बोलणाऱ्यांत भाडेकरू व तरुण होते आणि त्यांना हवे होते ते नेमके हेच, की चतुर्थीच्या स्थानी आपले नाव यावे. ज्या कुटुंबांनी घरांच्या किमतीमुळे कौंटी आधीच सोडली, त्यांना मात्र या सभांत स्थान नव्हते. श्रवण होते ते रहिवाशाचे.

जुलै २०२५ मध्ये कौन्सिलने ८ विरुद्ध ३ मतांनी संमत केलेल्या दुरुस्तीत मूळ योजना बरीच आखडली असून ती ठराविक हमरस्त्यांपुरती उरली आहे. 'अटेनेबल' हे विशेषण गेले व 'वर्कफोर्स' आले. तीन किंवा अधिक बिऱ्हाडांच्या इमारतीत १५ टक्के घरे या वर्गासाठी ठेवावयाची आहेत. व्याकरणदृष्ट्या ही प्रगतीच होय, कारण येथे माणसांचा निर्देश झाला. परंतु ही माणसे कोणती? उत्पन्नाची कमाल मर्यादा प्रदेशाच्या मध्यम उत्पन्नाच्या १२० टक्के धरली आहे. वॉशिंग्टन परिसरात चौघांच्या कुटुंबासाठी हे मध्यम उत्पन्न २०२४ साली १,५४,७०० डॉलर होते. त्या हिशेबाने मर्यादा १,८५,००० डॉलरांच्या पुढे जाते. 'वर्कफोर्स' म्हटल्यावर बसचालक, परिचारिका, शाळेतील स्वयंपाकीण डोळ्यांसमोर येते. आकडा तिच्यापासून पुष्कळ दूर आहे.

याउलट १९६९ च्या ब्रुक दुरुस्तीचे सूत्र पाहावे. सार्वजनिक घरांतील भाडेकरूचे भाडे त्याच्या स्वतःच्या उत्पन्नाच्या २५ टक्क्यांहून अधिक नसावे, असे तीत ठरले. पुढे हे प्रमाण ३० टक्के झाले. तेथे चतुर्थीच्या जागी काल्पनिक सरासरी कुटुंब नसते. दाराशी उभा असलेला विशिष्ट भाडेकरू असतो. मॉण्टगोमेरीच्या पन्नास वर्षांच्या शब्दसंपत्तीत या रचनेचे विशेषण अद्याप आलेले नाही.