तीन रुग्ण आणि दोन दशांश स्थळे

पाथर्डी तालुक्यात विज्ञान शिक्षकांशी बोलत असताना एका गुरुजींनी मला विचारले, "आतड्याच्या दाहाचा हा रोग साहेबांच्या देशातला ना? आपल्याकडे कुठे असतो?" हा समज जुना आहे, आणि एके काळी तो डॉक्टरांमध्येही होता. त्याला धक्का देणारा एक शोधनिबंध लुधियानाचे डॉ. अजित सूद व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली 'गट' या ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केला. निबंध मोलाचा आहे. पण त्यातला एक आकडा जपून वाचावा लागतो.

आधी रोगाविषयी थोडेसे. 'अल्सरेटिव्ह कोलायटिस' या विकारात मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येऊन व्रण पडतात. आठवडेच्या आठवडे जुलाब होतात, शौचावाटे रक्त पडते. शरीराची संरक्षण यंत्रणाच येथे आतड्यावर उलटते, असे दिसते. नेमके कारण अजून उलगडलेले नाही. औषधांनी रोग आटोक्यात राहतो, पण सहसा तो जन्माची सोबत करतो. आपल्याकडे रक्त पडले की आमांश म्हणायचे, नाहीतर मूळव्याध. आणि लाजेपायी गप्प बसायचे. असे रुग्ण मोठ्या रुग्णालयापर्यंत पोचतच नाहीत. म्हणून रुग्णालयातील नोंदी पाहून 'हा रोग येथे नाही' म्हणणे म्हणजे हजेरीपट पाहून 'गावात शाळाबाह्य मूल नाही' असे ठरवण्यासारखे आहे.

सूद यांच्या कामाचे बलस्थान हेच, की ते हजेरीपटावर विसंबले नाहीत. पंजाबात घरोघर जाऊन ५१,९१० लोकांची चौकशी झाली. ज्यांची लक्षणे संशयास्पद वाटली त्यांच्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी करण्यात आली. २३ रुग्ण आढळले, म्हणजे लाखामागे ४४.३. वर्षभराने ४९,८३४ लोकांची पुन्हा पाहणी झाली, तेव्हा तीन नवे रुग्ण मिळाले. हे प्रमाण लाखामागे ६.०२ भरते. रोग आपल्या देशात आहे, आणि तो अगदी दुर्मीळही नाही, एवढे यातून निःसंशय सिद्ध झाले.

आता माझी शंका. ६.०२ हा आकडा पाहताच वाटते की मोजमाप फार काटेकोर झाले आहे. पण त्यामागे माणसे आहेत अवघी तीन! एक कमी सापडला असता तर आकडा ४ झाला असता, एक जास्त सापडला असता तर ८. संख्याशास्त्राच्या हिशेबाने खरे प्रमाण १.२ पासून १७.६ पर्यंत कोठेही असू शकते. दशांश चिन्हापुढचे दोन अंक भागाकारातून आले, निरीक्षणातून नव्हे. पुढे कोणी हा निबंध उद्धृत करताना ६.०२ तेवढा उचलतो आणि मर्यादा मागे सोडतो, हा मात्र उचलणाऱ्याचा दोष.

दुसरी कसोटी आपल्या टाकीच्या गणिताची. टाकीतले पाणी म्हणजे एकूण रुग्ण, नळ म्हणजे दरवर्षीचे नवे रुग्ण. टाकीतील साठा स्थिर असेल तर ४४.३ भागिले ६.०२, म्हणजे रुग्ण सरासरी सुमारे सात वर्षेच टाकीत राहतो. जन्माची सोबत करणाऱ्या रोगाला सातच वर्षे कशी? तीन शक्यता आहेत. नळ अलीकडेच मोठा झाला असेल, म्हणजे रोग वाढत असेल. जुने रुग्ण मोजणीतून निसटले असतील. किंवा पहिल्या फेरीत लाजून गप्प बसलेला माणूस दुसऱ्या फेरीत बोलला आणि 'नवा' म्हणून मोजला गेला असेल. आणि नळाचे माप १.२ धरले, तर हाच काळ ३७ वर्षांवर जातो! केवळ तीन रुग्णांच्या आधारे यांतले खरे कोणते हे ठरवता येत नाही.

हेच गणित वर्गात घ्यावे. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याची २०११ ची लोकसंख्या ४५.४३ लाख. लाखामागे ४४.३ धरले तर सुमारे २,००० रुग्ण. मुले हे उत्तर चटकन काढतील. मग विचारावे, "पंजाबचे प्रमाण नगरला का लागू पडावे? तेथला आहार, पाणी, राहणी आपल्यासारखी आहे का?" हा गुणाकार म्हणजे मोजणी नव्हे, मोजणी का करायला हवी, हे सांगणारी ती खूण आहे. घरोघरी जाण्याची वाट आपल्या जिल्ह्याला परकी नाही. जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली सुरू केलेल्या प्रकल्पात गावातल्याच बायका आरोग्यसेविका होऊन दारोदार गेल्या. जे दुखणे बाई डॉक्टरांपुढे बोलत नाही, ते ती ओळखीच्या शेजारणीला सांगते.

तेव्हा त्या गुरुजींना माझे उत्तर असे : रोग आपल्याकडे आहे, किती, ते मोजल्याशिवाय सांगता येणार नाही. दरम्यान कोणाला आठवड्यांमागून आठवडे रक्त पडत असेल, तर 'मूळव्याधच असेल' म्हणून घरी बसू देऊ नका. तपासणीला पाठवा.