प्राध्यापकांचे संशोधन

अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंतच्या महाविद्यालयांतील प्राध्यापकमंडळी आज अध्यापन, मानसशास्त्र व व्यापार या विषयांवर निबंध प्रसिद्ध करीत असतात. त्यांतील पुष्कळांची घडण एकच: आपल्याच विद्यार्थ्यांस प्रश्नावली वाटावयाची, उत्तरांची टक्केवारी काढावयाची आणि तीस निष्कर्ष म्हणावयाचे. परंतु गुण देण्याची सत्ता ज्याच्या हाती, त्यानेच 'माझे शिकविणे रुचते काय?' असे पुसल्यास खरे उत्तर कोण देणार?

हा दोष केवळ व्यक्तींचा नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली बढतीस निबंधांच्या गुणांची जोड दिली आणि जिज्ञासेची जागा मोजदादीने घेतली. पुढे २०१८ साली आयोगास आपल्याच मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळावी लागली.

धनंजयराव गाडगीळांचे पुणे शहराचे सर्वेक्षण (पहिला भाग, १९४५) कुटुंबाकुटुंबांतील चौकशीवर उभे होते. आमच्या प्राध्यापकांचा विषय तर त्यांच्या वर्गातच बसलेला असतो. मराठी शाळेतून आलेला वाणिज्याचा विद्यार्थी इंग्रजीतील ताळेबंद वाचताना नेमका कोठे अडखळतो, हे दोन वर्षे टिपून कोणी लिहिल्यास तो एकच निबंध आम्ही आदराने वाचू. मग तो कोणत्याही यादीत बसो वा न बसो.